जैतापूर: किरणोत्सर्ग राहूदे, आधी युनिटचा दर बोला

कातळकर | शनि, स. १०:१२

डिसेंबर २०२५ मधे संसदेत शांती कायदा (अणुऊर्जेचा नवीन कायदा) पास झाल्यापासून जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या बातम्या परत फिरायला लागल्यात. आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज राडा. एक पार्टी चेर्नोबिलचे फोटो टाकते, दुसरी सांगते की केळ्यात पण रेडिएशन असतं, आणि पंधरा वर्षं हेच चाललंय. या सगळ्यात एक साधा प्रश्न कोणी लावूनच धरत नाही की बाबांनो, ही वीज युनिटला पडणार कितीला?

नवीन लोकांसाठी थोडक्यात. राजापूर तालुक्यातली माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे आणि वरलीवाडा, मिळून ९३८ हेक्टर जमीन. ईपीआर या फ्रेंच डिझाइनच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट, एकूण ९९००. २८ नोव्हेंबर २०१० ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या खात्याने ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली, पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले आणि अरेवा या फ्रेंच सरकारी कंपनीबरोबर करार झाला. एप्रिल २०११ ला साखरी नाटे गावात प्रकल्पविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला, एक तरुण मच्छिमार गेला. मग अरेवाचंच दिवाळं वाजायची वेळ आली, अणुभट्ट्यांचा धंदा ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच सरकारी कंपनीकडे गेला, त्यांनी २०२१ मधे ऑफर दिली आणि त्या ऑफरवर अजून घासाघीस चालूच आहे. सड्यावर (कातळाच्या माळावर) कंपाउंडची भिंत मात्र झाली.

आता ही ईपीआर नावाची भट्टी जिथे जिथे बांधली तिथलं बघा. फिनलंडमधे ओल्किलुओटो, २००५ ला काम सुरू, २००९ ला वीज द्यायची होती, नियमित वीज एप्रिल २०२३ ला. ३ अब्ज युरोत होणार होती, ११ अब्जांच्या आसपास गेली. फ्रान्समधे स्वतःच्या घरात, फ्लामांव्हिल, २००७ ला सुरुवात, २०१२ चा वायदा, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ ला. ३.३ अब्ज युरोचे ईडीएफच्याच आकड्याने १३.२ अब्ज झाले, त्यात व्याज धरलेलं नाही. इंग्लंडमधे हिंकली पॉइंट, दोन भट्ट्या, १८ अब्ज पौंडावरून ३१ ते ३५ अब्ज, ते पण २०१५ च्या किमतीत, आणि अजून चालू व्हायचीय.

म्हणजे ज्या कंपनीला स्वतःच्या देशात एक भट्टी बांधायला सतरा वर्षं लागली तिच्याकडून आपण सहा घेणार. मला अणुविज्ञानाची भीती वगैरे नाही, बीएस्सी फिजिक्स आहे. माझा विरोध बिलाला आहे, आणि बिल आपल्यावर टाकून समुद्र पण वापरायला घेणार त्याला आहे. चर्चा व्हावी. केळी नकोत प्लीज.

चहाबिस्किट | शनि, स. १०:४०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. केळी चालत नसतील तर आंबे आणा, शीर्षक बघून वाटलं हापूसचा धागा आहे.

अणुरेणू | शनि, दु. १२:०५

कातळकर, मुद्देसूद लिहिलंत, पण एकच बाजू लिहिलीत. मी वीज क्षेत्रात अख्खी नोकरी काढली (अणु नाही, औष्णिक) त्यामुळे थोडं बोलतो.

पहिलं, ईपीआर चीनमधे पण बांधल्या. तैशानला दोन भट्ट्या २०१८ आणि २०१९ ला चालू झाल्या, नऊ-दहा वर्षांत. म्हणजे डिझाइनमधेच खोट आहे असं नाही, युरोप भट्ट्या बांधायचंच विसरलं होतं. वीस वर्षं काम नव्हतं, वेल्डर नाहीत, सप्लायर नाहीत.

दुसरं, अणुवीज महागच असते हे सरसकट खरं नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून चालल्या आणि देशातली सगळ्यात स्वस्तातली वीज आयुष्यभर देत राहिल्या, मुंबईच्या लोकलनी ती खाल्लीय.

तिसरं, कार्बन. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) आकड्यात अणुवीज पूर्ण जीवनचक्र धरून युनिटला १२ ग्रॅम, कोळसा ८०० च्या वर. हवामान बदल खरा मानायचा आणि अणुऊर्जेला विरोध पण करायचा, हे मला तरी जमत नाही.

कातळकर | शनि, दु. १:३०

अणुरेणूजी, तैशान बरोबर. पण त्याच तैशानची पहिली भट्टी इंधनाच्या सळ्या खराब झाल्या म्हणून जुलै २०२१ ला बंद केली आणि वर्षभराने चालू झाली, ते पण जमेला धरा. आणि चीनमधे जे वर्षात होतं ते आपल्याकडे किती वर्षांत होतं? आपल्याच भट्ट्या घ्या. कुडनकुलमचा करार १९८८ चा, रशिया फुटला, काम २००२ ला सुरू, पहिली भट्टी व्यापारी तत्त्वावर २०१४ च्या शेवटी, खर्च १३,१७१ कोटींवरून २२,४६२ कोटी. कल्पाक्कमची फास्ट ब्रीडर, ५०० मेगावॅट, २००४ ला काम सुरू, २०१० ला होणार होती, तिचा गाभा भरायला घेतला २०२४ ला.

तारापूर स्वस्त का ते पण सांगतो. जनरल इलेक्ट्रिकने टर्नकी बांधून दिली आणि अमेरिकन सरकारने पाऊण टक्का व्याजाने चाळीस वर्षांचं कर्ज दिलं. असं कर्ज कोणी जैतापूरला देणार असेल तर मी स्वतः भूमिपूजनाला नारळ घेऊन येतो.

कार्बनचा आकडा मान्य, त्यावर वादच नाही. पण १२ ग्रॅमवाली वीज २०४० ला येणार असेल तर तोपर्यंत कोळसाच जळणार ना? २०१० ला सही केली, २०२६ उजाडलं, जैतापूरने आजपर्यंत कोळशाचा एक दगड वाचवलेला नाही.

जिज्ञासा_७७ | शनि, दु. ३:१५

बावळट प्रश्न असेल तर सोडून द्या. बांधायला उशीर झाला की खर्च एवढा चौपट कसा होतो? सिमेंट-लोखंड काय चौपट महाग झालं का?

हिशोबनीस | शनि, सं. ६:५०

बावळट अजिबात नाही, खरी गोम तिथेच आहे. मी सीए आहे, प्रोजेक्ट फायनान्सची कामं करतो (अणु नाही, हायवे आणि सोलर).

अणुवीजेत इंधन स्वस्त, जवळजवळ सगळा खर्च आधी करायचा असतो. अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅटसारखं, बिल्डर पझेशन देत नाही, तुम्ही भाडं पण भरताय आणि हप्ता पण भरताय, फक्त इथे रक्कम लाखांत नसून लाख कोटींत. काम पाच वर्षांत झालं तर व्याज झेपतं, पंधरा वर्षं गेली तर व्याजच मुद्दलाला गाठतं. म्हणून फ्लामांव्हिलचा १३.२ अब्ज युरोचा आकडा त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी व्याज वगैरे धरून केव्हाच मागे टाकला, २०२० च्या अहवालात त्यांनी १९.१ अब्ज लिहिले होते, नंतर अजून वाढवले.

आता जैतापूर. हे माझं पाठकोऱ्या कागदावरचं गणित आहे, अधिकृत नाही, चूभूदेघे. फ्लामांव्हिलचे १३.२ अब्ज भागिले १६५० मेगावॅट, म्हणजे मेगावॅटला ८० लाख युरो, युरो १०० रुपये धरला तर मेगावॅटला ८० कोटी रुपये. सहा भट्ट्यांचे आठ लाख कोटी. महाराष्ट्र सरकारचं २०२५-२६ चं अख्खं बजेट सात लाख कोटींचं होतं.

भारतात मजुरी स्वस्त, सहा एकाच डिझाइनच्या, म्हणून निम्मं धरू, ४० कोटी. वर्षाला भांडवलावर १० टक्के (व्याज, परतफेड, नफा मिळून, हे कमीच धरलंय) म्हणजे मेगावॅटमागे ४ कोटी. ८० टक्के क्षमतेने चालली तर एक मेगावॅट वर्षाला ७० लाख युनिट देतो. भागा. ५ रुपये ७० पैसे. यात इंधन नाही, पगार नाही, देखभाल नाही, बांधकाम काळातलं व्याज नाही, चाळीस-साठ वर्षांनी भट्टी मोडून काढायचा खर्च नाही. आणि हे सगळं निम्म्या किमतीत जमलं तर.

तुलनेला इंग्लंडने हिंकलीला दिलेला दर बघा, मेगावॅट तासाला ९२.५० पौंड २०१२ च्या किमतीत, महागाईप्रमाणे वाढणारा, ३५ वर्षं गॅरंटी. आजच्या भावात ते १३० पौंडाच्या आसपास जातं, म्हणजे आपले युनिटला चौदा-पंधरा रुपये.

आपल्याच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत मार्च २०२४ ला सुमारे ९००० मेगावॅटची कामं दिली, दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. ९००० आणि ९९००, आकडे शेजारी ठेवून बघा.

अणुरेणू | शनि, रा. ८:२०

हिशोबनीस, गणित आवडलं पण शेवटची ओळ चलाखीची आहे. सोलरचा ९००० मेगावॅट आणि अणुचा ९९०० मेगावॅट हे शेजारी ठेवायचेच नसतात. सोलर २२ टक्के चालतं. जैतापूर ८० टक्के चाललं तर जेवढी वीज देईल तेवढी द्यायला ३६,००० मेगावॅट सोलर लागेल, मेगावॅटला साडेचार एकर धरा, एक लाख साठ हजार एकर झाले. जैतापूरची जमीन २३०० एकर. एवढी जमीन कोणाची घेणार? गायरानंच ना? मग तिथल्या मेंढपाळांचा धागा काढू आपण.

आणि रात्री काय? संध्याकाळी सात वाजता सगळा महाराष्ट्र एसी लावतो तेव्हा सूर्य गेलेला असतो.

हिशोबनीस | शनि, रा. ९:०२

चलाखी नाही हो, दर युनिटचा आहे, मेगावॅटचा नाही. तीन रुपये युनिट म्हणजे युनिटच. क्षमता कमी चालते ते त्या दरात आलंय. पण जमिनीचा मुद्दा घेतला, तो खरा आहे.

रात्रीचं म्हणाल तर २०२४-२५ मधे सोलर अधिक बॅटरीची जी टेंडरं निघाली त्यात साडेतीन रुपयांच्या आसपास दर आलेत. बॅटरी दोन-चार तासांचीच असते हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. संध्याकाळचा पीक लोड त्यात निघतो, रात्रभर नाही. रात्रीसाठी पवन आहे, पंप्ड स्टोरेज आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा २००८ पासून चालूच आहे, रात्री पाणी वर, दिवसा खाली, आता सोलरमुळे ते उलटं करायचं.

विदर्भी_ऊन | शनि, रा. १०:४५

सगळं वाचलं. आता आमच्याकडचं ऐका. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. ती वीज जाते कुठं? पुण्या-मुंबईला, आणि राख राहते आमच्याकडं. खाणी आमच्या, धूळ आमची, उन्हाळ्यात ४७ डिग्री आणि अंगणात वाळत घातलेले कपडे काळे. कोकणात एक प्रकल्प आला की टीव्हीवाले धावतात, आंबा काजू मासे समुद्र सगळं सुंदर, मान्य आहे भाऊ, पण आमच्या वर्धा नदीवर कोणी कविता करत नाही म्हणून काय आम्ही कोळसाच खात राहायचं का. जैतापूर नको, नाणार नको, बारसू नको, मग वीज पाहिजे ती कुठून? चंद्रपूरहूनच ना?

मला अणु आवडते म्हणून नाही लिहीत, पण 'नको' म्हणणाऱ्यानं कोळसा कधी बंद होणार तेही सांगावं.

चहाबिस्किट | शनि, रा. ११:१०

विदर्भीला +१. इथे जोक सुचत नाहीये.

कातळकर | रवि, स. ८:३०

विदर्भी, तुमचं लिहिणं लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं. पण यातून जैतापूर कसं निघतं ते मला दिसत नाही. तुमचे जुने संच बंद करायचे तर पुढच्या पाच-सात वर्षांत उभी राहील अशी वीज पाहिजे. तेच आठ लाख कोटी किंवा चार लाख कोटी एका सड्यावर पंधरा वर्षं अडकवून ठेवले तर चंद्रपूर उलट जास्त वर्षं चालवावं लागेल. पैसा एकच आहे, तो कुठे लावला तर तुमच्याकडचा धूर लवकर कमी होतो एवढाच हिशोब करा.

आणि आम्ही कोकणवाले एका बाबतीत आधीच भाजलेलो आहोत. गुहागरला एनरॉन आलं तेव्हा पण देशाची गरज, विकास, परदेशी गुंतवणूक हेच सगळं होतं. करार असा की वीज घ्या न घ्या पैसे द्या, आणि डॉलरमधे. २००१ मधे वीज मंडळाने हात वर केले आणि अख्खा प्रकल्प बंद पडला. तेव्हा जे 'दर किती' विचारत होते त्यांना विकासविरोधी म्हणायचे.

ल्योंवाली | रवि, दु. २:१०

ल्योंहून लिहितेय, दहा-बारा वर्षं इथे आहोत, ब्युजेचं अणुकेंद्र आमच्यापासून तासाभरापेक्षा कमी अंतरावर. इथल्या लोकांना त्याची भीती वगैरे काही वाटत नाही, घराच्या किमती पण पडलेल्या नाहीत, हे आधी सांगते. फ्रान्सची बहुतांश वीज अणूची, हवा स्वच्छ, आणि बिल जर्मनीपेक्षा कमी येतं.

पण दोन गोष्टी भारतातल्या चर्चेत येत नाहीत. एक, ही सगळी जुनी केंद्रं सत्तर-ऐंशीच्या दशकात सरकारने सरकारी पैशाने धडाधड बांधली, त्यांचे पैसे कधीच फिटले. आज स्वस्त वीज मिळते ती त्या जुन्यांची. नवीन बांधायला गेले तेव्हा एकट्या फ्लामांव्हिलने कंपनीला घाम फोडला, वेल्डिंग परत करावी लागली, प्रेशर व्हेसलच्या (भट्टीच्या मुख्य भांड्याच्या) स्टीलमधे कार्बनचं प्रमाण चुकलेलं निघालं आणि वरचं झाकण नंतर बदलायच्या अटीवर परवानगी मिळाली. २०२२ ला पाइपांमधे गंजून भेगा सापडल्या म्हणून एकाच वेळी कितीतरी भट्ट्या बंद, नेमकं युक्रेन युद्धाच्या वर्षी. ईडीएफवर त्या वर्षअखेर ६४ अब्ज युरोचं कर्ज होतं, शेवटी सरकारने सगळे शेअर विकत घेतले. म्हणजे जैतापूरला जी कंपनी येणार ती स्वतः सरकारी टेकूवर आहे.

दुसरी, पाणी. उन्हाळ्यात ऱ्होन नदी तापली की ब्युजेचं उत्पादन कमी करतात, कारण आणखी गरम पाणी सोडलं तर नदीचं तापमान मर्यादेच्या वर जातं. दरवर्षी बातमी असते. आणि ऑगस्ट २०२५ ला उत्तरेकडे ग्राव्हलिनला जेलीफिशचा थवा पंपाच्या जाळीत शिरला आणि चार भट्ट्या बंद पडल्या. खरी बातमी आहे, जोक नाही.

चहाबिस्किट | रवि, दु. २:२५

जोक माझ्या हातातून गेला. जेलीफिशला पर्यावरण मंत्रालयाची परवानगी होती का?

खाडीपल्याड | रवि, सं. ७:४०

आमचं घर नाटे गावचं, दोन होड्या आहेत, भाऊ बघतो, मी ठाण्याला नोकरी. मुद्दाम आयडी काढला.

जेलीफिश हसण्यावारी नेऊ नका, पावसाळा संपता संपता आमच्याकडे जाळ्यात भरपूर येते, अंगाला आग होते. पाण्याबद्दल कोणीतरी आकडा काढा ना, भट्टी किती पाणी ओढणार आणि किती गरम सोडणार. गावात प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

अणुरेणू | रवि, रा. ८:५५

काढतो, आकडा लपवण्यासारखं काही नाही. ईपीआरची उष्णता ४५९० मेगावॅट, त्यातले १६५० वीज होतात, उरलेले २९४० मेगावॅट पाण्यात. सहा गुणिले, साधारण १७,६०० मेगावॅट उष्णता समुद्रात. पाणी ७ अंशाने तापवून सोडायचं धरलं तर सेकंदाला ६०० घनमीटर पाणी लागतं, दिवसाला ५२०० कोटी लिटर. गावात जो ५२०० कोटी लिटरचा आकडा फिरतो तो इथूनच येतो, बरोबरच आहे. ५ अंशच तापवायचं म्हटलं तर पाणी आणखी जास्त लागेल.

पण हे पाणी किरणोत्सर्गी नसतं, कंडेन्सरमधून (वाफ थंड करायच्या यंत्रातून) फिरून येतं, भट्टीच्या आतल्या पाण्याशी संबंध नाही. आणि ते किनाऱ्यावर ओतत नाहीत, बोगद्याने आत खोल समुद्रात नेऊन डिफ्यूझरने पसरवतात. अरबी समुद्र म्हणजे ऱ्होन नदी नाही.

खाडीपल्याड | रवि, रा. ९:५०

सर, सरळ आकडा दिलात त्याबद्दल धन्यवाद, पहिल्यांदाच कोणी दिला.

पण मला गरम पाण्यापेक्षा ओढलेल्या पाण्याची काळजी जास्त आहे. सेकंदाला ६०० घनमीटर म्हणजे त्या पाण्यात जे काय आहे, अंडी, माशाची बारीक पिल्लं, कोळंबीची पिल्लं, ते सगळं जाळीतून पाइपात जाणार. मोठा मासा जाळीवर चिकटून मरतो आणि बारीक आत जाऊन मरतो. शिवाय पाइपात कालवं-शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीन मारतात, ते पण तुम्हाला माहीत असेल. समोर अख्खा समुद्र आहे हे खरं, पण मासा अख्ख्या समुद्रात वाढत नाही, तो खाडीच्या तोंडाशी वाढतो. इथे एका बाजूला जैतापूरची खाडी आणि खाली विजयदुर्गाची, आणि मधे माडबन.

दुसरं, सुरक्षा. प्रकल्प झाला की समोरच्या समुद्रात बंदी क्षेत्र येणार, कोस्ट गार्ड, पास, चौकशी. आताच बाहेरचे पर्ससीन जाळीवाले आणि एलईडी दिवे लावून मासे पकडणारे येऊन साफ करून जातात, आमची छोटी होडी लांब जाऊ शकत नाही, ती किनाऱ्याजवळच मारते, आणि तोच पट्टा जाणार. जमीनवाल्यांना २०१३ ला हेक्टरी साडेबावीस लाखाचा भाव झाला, पुष्कळांनी चेक घेतले, त्यांचं मी चूक म्हणत नाही, सड्यावर गवताशिवाय काही होत नाही असं सरकारने कागदावर लिहिलंच होतं. पण समुद्राचा सातबारा नसतो. माझ्या भावाला कोणत्या कागदावर भरपाई मिळणार?

जिज्ञासा_७७ | रवि, रा. १०:१५

अगदी सुन्न... आणि अपघात झाला तर? नवीन कायद्यात काय आहे, कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

हिशोबनीस | रवि, रा. ११:३०

थोडं सांगतो, वकील नाही. २०१० च्या कायद्यात अपघात झाला तर चालवणाऱ्या कंपनीची जबाबदारी कमाल १५०० कोटी. त्यात कलम १७ ब होतं की पार्ट खराब निघाला तर चालवणारी कंपनी पुरवठादाराकडून वसूल करू शकते. त्याच वर्षी जूनमधे भोपाळचा निकाल लागला होता, देशभर संताप होता, म्हणून ते आलं. परदेशी कंपन्यांना हेच कलम नको होतं, जैतापूर अडकायचं ते एक मोठं कारण. शांती कायद्याने २०१० चा कायदा रद्द केला, ते कलम गेलं, आणि सगळ्यात मोठ्या भट्ट्यांसाठी मर्यादा ३००० कोटी केली.

आता फुकुशिमा. जपान सरकारचा खर्चाचा अंदाज २०२३ ला २३.४ लाख कोटी येन होता, रुपयात तेरा लाख कोटींच्या आसपास. त्याच्यापुढे ३००० कोटी म्हणजे पाव टक्का पण नाही. वरचे सगळे कोणाचे? करदात्याचे. म्हणजे युनिटच्या दरात विम्याचा खरा हप्ता कधी दिसणारच नाही. दर बघताना हे पण धरा, सोलर पॅनेल पडलं तर एवढी कायदेशीर मर्यादा घालून द्यावी लागत नाही.

अणुरेणू | सोम, स. ७:३०

फुकुशिमा सुनामीने झालं, ९ रिश्टरचा भूकंप होता. माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून वीसेक मीटर वर आहे. अरबी समुद्रात सुनामीचा धोका तेवढा मोठा नाही.

कातळकर | सोम, स. ९:१५

सुनामीबद्दल बऱ्यापैकी सहमत. भूकंपाबद्दल नाही. कोयना इथून शंभरेक किलोमीटर, १९६७ ला ६ च्या वरचा झाला, आणि तो होईपर्यंत तो भाग भूकंपाचा नाही असंच सगळे समजत होते. बिल्हम आणि विनोद गौर या भूकंपशास्त्रज्ञांनी २०११ ला करंट सायन्समधे जैतापूरबद्दल तेच लिहिलं, की शक्यता कमी असली तरी शून्य धरता येत नाही.

पण बघा, आपण परत अपघातावर आलो. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, अपघात कधीच होणार नाही असं धरलं तरी हिशोब बसत नाही. वापरलेलं इंधन कुठे ठेवणार? फिनलंडने ओंकालोला खडकात चारशे मीटरच्यावर खोल बोगदा खणलाय, आपल्याकडे कायमची अशी एक पण जागा नाही. तारापूरला तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी उठवली, त्यांचं पुनर्वसनाचं भांडण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. ती भट्टी तर ५४० मेगावॅटची होती.

अणुरेणू | सोम, रा. ८:४५

दिवसभर विचार केला. माझं मत सांगतो. ईपीआर या किमतीत घ्यायला माझा पण विरोध आहे, आधीपासून होता. पण आपली स्वतःची ७०० मेगावॅटची भट्टी वेगळी गोष्ट आहे. काक्रापारला दोन चालू झाल्यात, २०२३ आणि २०२४ ला. २०१७ ला सरकारने अशा दहा भट्ट्यांना एक लाख पाच हजार कोटी मंजूर केले, मेगावॅटला १५ कोटी. आज २० धरा, हिशोबनीसांच्याच पद्धतीने भांडवलाचे २ रुपये ८५ पैसे युनिट येतात, इंधन देखभाल धरून पाचच्या आसपास. रात्रीच्या वीजेला तो दर वाईट नाही. फ्रेंच नको म्हणून सगळंच नको, असं करू नका.

कातळकर | सोम, रा. ९:३०

काक्रापारचं काम २०१० ला सुरू झालं होतं, २०१५ ला होणार होती, ते धरून पाच रुपये का न धरता? पण ठीक आहे, यावर निदान बोलता येतं, कारण आकडा समोर आहे. जैतापूरला आकडाच नाही. माझी मागणी एवढीच, युनिटचा दर, उशिराचा दंड कोण भरणार आणि भट्टी मोडायचा खर्च, हे तीन कागदावर द्या, मग जनसुनावणी घ्या.

खाडीपल्याड | सोम, रा. ९:५२

चौथं पण लिहा. होडीवाल्यांची यादी. आत्ता, प्रकल्प यायच्या आधी करा, कुठल्या बंदरात किती होड्या, वर्षाला किती मासळी उतरते. ७०० ची आली काय किंवा १६५० ची आली काय, नंतर आम्ही सांगायला गेलो की मासा कमी झाला तर विचारणार आधी किती होता ते दाखवा.

विदर्भी_ऊन | सोम, रा. १०:२०

आणि पाचवं, चंद्रपूरचे जुने संच कधी बंद होणार त्याची तारीख. तुमच्या मागण्यांत तेवढी एक ओळ टाकली तर सही करतो.

कातळकर | सोम, रा. १०:३१

टाकली. मसुदा उद्या नवीन धाग्यात चिकटवतो, हिशोबनीसांनी आकडे तपासावेत, आणि अणुरेणूजींनी पाण्याचा परिच्छेद लिहून दिला तर फार बरं होईल.

अणुरेणू | सोम, रा. १०:५०

लिहितो. पण डिफ्यूझरचं पण लिहीन, ते कापायचं नाही.